आहेराची वही आधी उघडावी

धानाची मळणी आटोपून पोती आधारभूत खरेदी केंद्रावर मोजून दिली गेली आणि चुकाऱ्याची रक्कम खात्यात जमा झाली, म्हणजे आमच्या चामोर्शी तालुक्यात लग्नसराईला खरा रंग चढतो. महाशिवरात्रीची मार्कंड्याची यात्रा ओसरते न ओसरते तोच घरोघर पत्रिकांचे गठ्ठे येऊन पडतात, आणि मोहफुले वेचून संपून तेंदूपानाचा हंगाम लागेपर्यंत असा आठवडा क्वचितच जातो, की ज्यात कोणत्या तरी मांडवाखाली अक्षता टाकण्यासाठी आपल्याला उभे राहावे लागत नाही. त्या प्रत्येक पत्रिकेबरोबर घरात एक प्रश्न शिरतो: आहेर काय न्यायचा? आणि ज्या वस्तूने दोन माणसांच्या नव्या संसाराला हातभार लागावा अशी आपली मनापासून इच्छा असते, तिची निवड आपण आदल्या संध्याकाळी भांड्यांच्या दुकानात उभ्या उभ्या, किमतीचा अंदाज तेवढा मनाशी धरून, पाच मिनिटांत उरकतो.

याचा परिणाम मी माझ्या पुतणीच्या लग्नानंतर पाहिला. मांडव उतरल्यावर तिसऱ्या दिवशी तिने आणि जावईबापूंनी आहेराची बोचकी सोडली, तेव्हा त्यांतून नऊ लेमन सेट, सहा भिंतीवरची घड्याळे आणि चार डिनर सेट निघाले. आणि ज्या जोडप्याला गडचिरोलीत किरायाच्या एका खोलीत बिऱ्हाड मांडायचे होते, त्याच्याजवळ बादली नव्हती, मच्छरदाणी नव्हती, भात शिजवायला बेताचा गंज नव्हता. पाकिटांतून निघालेल्या पैशांतून त्यांनी या जिनसा विकत घेतल्या. घड्याळे अजून आमच्या घरी पेटीत आहेत. देणाऱ्यांपैकी एकाचेही प्रेम उणे नव्हते; त्या सहाही माणसांना परस्परांची खबर नव्हती, एवढेच काय ते झाले होते.

ही खबर अगोदर मिळण्याची सोय पाश्चात्त्य देशांत फार वर्षांपूर्वी झाली. शिकागो शहरातील मार्शल फील्ड या प्रसिद्ध दुकानाने १९२४ साली असा प्रघात सुरू केला, की वधूवरांनी दुकानात येऊन आपल्याला हव्या असलेल्या वस्तू नोंदवून ठेवाव्यात, आप्तेष्टांनी त्या नोंदीतून आपल्या ऐपतीप्रमाणे एकेक वस्तू निवडावी, आणि जी घेतली गेली ती दुकानदाराने नोंदीतून वगळावी, म्हणजे एकच वस्तू दोनदा येणार नाही. आज मोठ्या शहरांतून हीच पद्धत मोबाइलवर आली आहे, आणि पुण्या-मुंबईत वा परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलांना ती अपरिचित नाही. चामोर्शीसारख्या गावाला हिचा उपयोग नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते मान्य नाही. परंतु ही पद्धत आहे तशी उचलण्यात एक धोका आहे, आणि तो प्रथम सांगितल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

तो धोका 'यादी' या शब्दातच आहे. लग्नाच्या बैठकीत 'याद्या झाल्या' असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा दोन्हीकडची वडीलधारी मंडळी समोरासमोर बसून देण्याघेण्याचा तपशील कागदावर उतरवून मोकळी झाली, हाच त्याचा अर्थ असतो. आणि तो कागद मुलीच्या बापाने किती रात्री उशाशी घेऊन काढल्या, हे ज्याने पाहिले आहे त्याला लग्नातील यादी म्हटले की धडकी भरावी यात नवल नाही. वराच्या घरून वधूच्या घरी गेलेली वस्तूंची यादी, मग ती कितीही गोड शब्दांत लिहिलेली असो आणि तिच्या माथ्यावर श्रीगणेशाचे चित्र असो, ती मागणी आहे. आणि १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष मागणी हाच स्वतंत्र अपराध ठरवून त्याला कमीत कमी सहा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सांगितली आहे. म्हणून नव्या पद्धतीची नोंद ज्या घराला करायची असेल, त्याने एक मर्यादा पाळावी: ती नोंद वधूवरांनी दोघांनी मिळून, आपल्या हाताने करावी, आणि मुलीच्या आईबापांपुढे, काकामामांपुढे ती कधीही ठेवू नये. मित्रमैत्रिणी, कचेरीतील सहकारी, शेजारी, शाळेतील जुने सोबती यांच्यापैकी जो आपण होऊन 'तुम्हाला काय हवे आहे?' असे विचारील, त्यालाच तिचा उपयोग. ती पत्रिकेत छापू नये आणि व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नये. न विचारता पाठवलेली नोंद ही विनंती राहत नाही. मी तिला यादी न म्हणता टाचण म्हणतो, आणि वाचकांनीही तसेच म्हणावे असा माझा आग्रह आहे, कारण शब्दाबरोबर त्याची सवयही घरात येते.

टाचण करण्याची रीत सोपी आहे. लग्नाच्या महिनाभर आधी दोघांनी एकदा निवांत बोलावे आणि पहिला प्रश्न हा सोडवावा, की पहिले वर्ष आपण कोठे राहणार. कोनसरीच्या कारखान्यात किंवा चंद्रपूरला नोकरी असेल तर खोली रिकामी, आणि गरज बादलीपासून सुरू. गावातल्या एकत्र घरात राहायचे असेल तर भांडीकुंडी घरात भरपूर, आणि गरज आपल्या दोघांच्या अशा चार वस्तूंची, विशेषतः सुनेला स्वतःचे म्हणून कुलूप लावता येईल अशा एका कपाटाची. मग वहीचे एक पान घेऊन स्वस्त वस्तू वर आणि महाग वस्तू खाली अशा क्रमाने लिहाव्यात. स्वस्त वस्तू पुष्कळ असाव्यात, हे मी अनुभवाने सांगतो. ज्याच्याजवळ दोनशे रुपये आहेत त्याने टाचण पाहून खजील होऊन परत जावे, यापेक्षा ते टाचण फाडून टाकलेले बरे. हे पान एखाद्या विश्वासू मैत्रिणीच्या किंवा मावसभावाच्या हवाली करावे, विचारणाऱ्याला त्याच्याकडे पाठवावे, आणि त्याने घेतलेल्या वस्तूवर रेघ मारीत जावे. वधूवरांनी कोणी काय घेतले हे लग्नाआधी पाहू नये. भेटीतला आनंद तेवढा शिल्लक राहतो. कूलर, कपाट, गॅसची शेगडी यांसारखी वस्तू एकट्याच्या आवाक्यात नसते, तेव्हा पाचसात जणांनी वर्गणी करून ती एकत्र द्यावी. तशी ती दिली तर ज्याने शंभर घातले आणि ज्याने पाचशे घातले, त्यांची नावे एकाच चिठ्ठीवर सारख्या अक्षरांत लिहिली जावीत.

आता वस्तूंविषयी. आपला जिल्हा पावसाचा, जंगलाचा आणि दीर्घकाळ हिवतापाचा जिल्हा म्हणून राज्यात ओळखला गेलेला आहे, आणि तरीही लग्नात मच्छरदाणी देण्याचा संकोच का वाटावा, हे मला कळत नाही. पलंगाच्या मापाची, घट्ट विणीची, चार कोपऱ्यांना मजबूत बंद असलेली मच्छरदाणी ही ज्या घरात वर्षभराने पाळणा हलणार आहे त्या घराला मिळणारी उत्तम भेट आहे. लग्नसराई नेमकी कडक उन्हाळ्याची, पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाण्याची. म्हणून कूलर आपल्याकडे आहेरात येतोच, पण दहा फुटांच्या खोलीला पुरेल असा लहान कूलर घेतला तर जागा आणि वीज दोन्ही वाचतात. भुश्याच्या पाट्यांची, वरून चकचकीत दिसणारी कपाटे व टेबले मात्र कोणी देऊ नयेत. आपल्या पावसाळ्यात ती फुगतात आणि वाळवीला तर ती आमंत्रणच असतात. लोखंडी कपाट थोडे लहान घ्यावे, पण लोखंडीच घ्यावे. कुकर देणाऱ्याने घरातली डोकी मोजावीत: दोघांना तीन लिटरचा पुरतो, सहा माणसांच्या घरात तो रोज दोनदा लावावा लागेल. विजेच्या व गॅसच्या वस्तूंवर आयएसआय चिन्ह पाहावे, आणि पावती व हमीपत्र वस्तूच्या खोक्यातच ठेवावे. किमतीचा आकडा दिसू नये म्हणून पावती काढून घेण्याची आपली रीत सौजन्याची असली, तरी वस्तू बिघडल्यावर तिचा त्रास त्या मुलीलाच होतो.

पितळेच्या भांड्यांचे आंदण हा आपल्या बाजूचा जुना थाट. गुंड, गंज, कोपर, परात, गडवा ही नावे उच्चारली तरी आजीच्या स्वयंपाकघराचा उजेड डोळ्यांपुढे येतो, आणि अजूनही कित्येक घरांत मुलीला पितळी गुंड दिल्यावाचून आईचे समाधान होत नाही. तो जरूर द्यावा. मात्र पितळी गंजात आंबट शिजवायचे तर कल्हई लागते, आणि कल्हईवाला आता वर्षातून एकदा दिसला तरी भाग्य. तेव्हा पाण्याचे भांडे पितळेचे आणि शिजवण्याचे स्टीलचे, अशी वाटणी शहाणपणाची.

आपल्या मुलुखात जे पिकते, विणले जाते आणि घडवले जाते, त्याकडे आहेराच्या वेळी आपली पाठ का असते, याचे मला नेहमी दुःख होते. आरमोरीच्या बाजूला ढिवर समाजातील कुटुंबे ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाचे किडे पोसतात. त्या कोशांतून निघालेल्या सुताचे, करवतीच्या दात्यांसारखी किनार असलेले करवतकाठी लुगडे ही विदर्भाची स्वतंत्र ओळख असून त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. नवरीला एकच साडी द्यायची असेल आणि ऐपत असेल, तर दूरच्या बाजारातली झगमगीत साडी घेण्याआधी ही एकदा पाहावी. वैनगंगेपलीकडचे सावली हे गाव खादीसाठी एके काळी देशात नावाजलेले होते. १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन तेथे भरले आणि स्वतः महात्माजी त्यासाठी आले होते. खादीची चादर, सतरंजी, जाड सुती टॉवेलांचा जोड अशी भेट किमतीने बेताची आणि वापरायला वर्षानुवर्षे. वरोऱ्याच्या आनंदवनात विणलेल्या वस्तूही याच जातीच्या. आणि आपला बुरूड! बांबू आपल्या रानातला, हात आपल्या गावातला. सूप, टोपल्या, धान्याची लहान ढोली, कपड्यांची पाटी असा संच त्याला आठ दिवस आधी सांगून करवून घेतला, तर दुकानातल्या प्लास्टिकच्या संचाहून तो दिसायलाही देखणा होतो. पुस्तके देणारे अजून आहेत, आणि श्रीगुरुदेवांना मानणाऱ्या घरांत ग्रामगीतेची प्रत देण्याची चाल मला फार आवडते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी त्या ग्रंथात वैवाहिक जीवनाला स्वतंत्र अध्याय दिला आहे.

आपल्या तालुक्यात सगळ्यांची रीत एक नाही, हेही ध्यानात घ्यावे. घोटकडील व मुलचेऱ्याकडील बंगाली वस्त्यांतून लग्न असेल तर तेथे तबके सजवून दोन्ही घरांत 'तत्त्व' पाठवण्याची प्रथा आहे, आणि त्या दिवशी आपण सजवलेल्या तबकात मिठाई व वस्त्र नेले तर यजमानांना विशेष संतोष होतो. गोंड व माडिया समाजांत वराकडून वधूच्या घरी देज जाण्याची परंपरा होती, म्हणजे देण्याची दिशाच निराळी. तेथल्या लग्नाला तांदूळ घेऊन जाणारा पाहुणा हा लग्न तोलून धरणारा पाहुणा असतो. सामूहिक विवाहांत संसारोपयोगी भांड्यांचा संच बहुधा आयोजकांकडूनच मिळतो, तेव्हा तेथे भांडी नेऊ नयेत. अंथरूण-पांघरूण, छत्री, कंदिलाच्या जागी आलेला चार्जिंगचा दिवा अशा वस्तू न्याव्यात.

रोख रकमेविषयी थोडक्यात, पण काळजीपूर्वक. पाकिटावर चिकटवलेला एक रुपया घालून एकशे एक, पाचशे एक देण्याची पद्धत निर्मळ आहे आणि ती कमी प्रतीची मानण्याचे कारण नाही. नव्या बिऱ्हाडाला रोकड जितकी कामी येते तितके दुसरे काही येत नाही. विवाहानिमित्त वधूवरांना मिळालेल्या भेटींवर प्राप्तिकर लागत नाही. धनादेश देणाराने मात्र एक चूक टाळावी, जी माझ्या हातून घडली: मी कौतुकाने धनादेशावर मुलीचे सासरचे नाव लिहिले, आणि तिचे खाते माहेरच्या नावाने असल्यामुळे तो तिला वटवता आला नाही. नाव खात्यावर आहे तेच लिहावे. आजकाल मांडवाच्या दाराशी क्यूआर कोडचा फलक लावलेला असतो. पैसे पाठवण्यापूर्वी ते खाते कोणाचे आहे हे नाव वाचून घ्यावे, आणि आपली भेट मुलीसाठी असेल तर ती मुलीच्याच खात्यात जाईल असे पाहावे. सोने दिले तर हॉलमार्कची चिन्हे, म्हणजे मानक ब्यूरोची खूण, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षरांचा विशिष्ट क्रमांक, भिंगातून पाहून घ्यावीत आणि पावती मुलीच्या नावाची करावी.

आणि आता आहेराच्या वहीकडे येतो, कारण माझ्या सांगण्याचा अर्धा भार तिच्यावर आहे. मांडवाच्या एका अंगाला टेबल टाकून, घरातला सुवाच्य अक्षराचा मुलगा बसवून, 'अमुक यांजकडून तमुक' अशी जी नोंद आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो, ती बहुतेक घरांत परतफेडीचा हिशेब म्हणून जपली जाते: त्यांनी आपल्याकडे एक्कावन्न केले होते, आपण त्यांच्याकडे एकशे एक करावे. या हिशेबात आपुलकी नाही असे मी म्हणत नाही. परंतु त्याच वहीला एक फार मोठे काम करता येते आणि ते आपण तिच्याकडून घेत नाही. २ ऑक्टोबर १९८५ पासून अमलात असलेले केंद्र शासनाचे नियम असे सांगतात, की लग्नात वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने आणि वराला मिळालेल्या भेटींची यादी वराने ठेवावी. ती लग्नाच्या वेळी किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर लेखी करावी. तीत प्रत्येक वस्तूचे थोडक्यात वर्णन, तिची अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि तो नातलग असल्यास नाते लिहावे. आणि तिच्यावर वधू व वर या दोघांनी सही करावी. ज्याला लिहिता येत नाही त्याला यादी वाचून दाखवून अंगठा घ्यावा व वाचणाऱ्यानेही सही करावी. इच्छा असल्यास दोन्हीकडच्या नातलगांच्या सह्या घेता येतात. म्हणजे हुंड्याची जी यादी कायद्याने निषिद्ध केली, तिच्या जागी न मागता मिळालेल्या भेटींची यादी त्याने सांगितली. आणि आमच्या दहा घरांतून एका घरीही ती होत असेल असे मला दिसत नाही.

या यादीचा विचार कोणाला अशुभ वाटू नये. मनुस्मृतीने सांगितलेल्या सहा प्रकारच्या स्त्रीधनात विवाहाग्नीसमोर दिलेले, सासरी जाताना मिळालेले, प्रेमाने दिलेले, आणि आई, बाप व भाऊ यांनी दिलेले असे सगळे येते. म्हणजे मुलीची भेटवस्तू ही मुलीची मालमत्ता, हा विचार या भूमीत परका नाही. १९८५ सालीच सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात स्पष्ट केले, की स्त्रीधन सासरच्या घरात ठेवले म्हणून ते सासरचे होत नाही. परंतु हक्क असणे आणि तो दाखवता येणे यांत अंतर असते. पती अकाली गेल्यावर दोन मुलांना घेऊन माहेरी परतलेली एक बाई मी जवळून पाहिली आहे. तिचे कपाट, तिची शिलाई मशीन, तिच्या आईने दिलेले डोरले यांपैकी कोणती वस्तू तिची, हे सांगणारा कागद कोणापाशीच नव्हता. तिच्या लग्नातली आहेराची वही होती. पण ती सासऱ्यांच्या ट्रंकेत होती.

म्हणून वही दोन भागांत लिहावी, एक वधूचा आणि एक वराचा. आहेर घेताना देणाऱ्याला 'हे मुलीला की मुलाला की दोघांना?' असे नम्रपणे विचारावे. आणि घरची मंडळी पूजेसाठी एकत्र असतानाच दोघांच्या सह्या घेऊन मुलीची यादी मुलीच्या हाती द्यावी, विवाहनोंदणीच्या दाखल्याबरोबर ती ठेवण्यास सांगावे, आणि तिचा मोबाइलवर काढलेला फोटो तिच्या आईजवळही असू द्यावा. भांड्यांवर नाव घालण्याची जुनी चाल याच कारणासाठी मला मोलाची वाटते. दुकानदार त्या टकटक करणाऱ्या यंत्राने ठिपक्याठिपक्यांची अक्षरे उमटवतो, त्याला देणाऱ्याचे नाव मोठे घालायला आपण सांगतो. यापुढे मुलीचे नाव आधी घालायला सांगावे, मग तारीख, आणि जागा उरली तर आपले.

वही लिहिणाऱ्यासाठी आणखी एक विनंती. रकमा ध्वनिक्षेपकावरून पुकारू नयेत. पाच मैल चालत आलेला माणूस रुमालात बांधून पायलीभर तांदूळ आणतो, तोही आहेरच आहे. त्याच वहीत, त्याच शाईने, त्याच्या पूर्ण नावानिशी तो लिहावा, आणि किमतीच्या रकान्यात बाजारभावाने जे काय होतील ते रुपये मांडावेत. माझ्या पुतणीच्या धाकट्या बहिणीचे लग्न येत्या वैशाखात आहे. तिचे टाचण तिने माझ्या थोरल्या मुलीजवळ दिले आहे. बादली, मच्छरदाणी आणि तीन लिटरचा कुकर यांवर रेघ पडली आहे असे मुलगी सांगते, आणि मी, काका म्हणून ते टाचण न पाहताच, सूप व टोपल्या माझ्याकडे असे तिला कळवून बुरूडाला सांगून आलो आहे.